फी भरायच्या आधी थोडं माझ्याशी बोल

अगं, आधी तो मोबाइल पालथा ठेव बघू. त्या जाहिरातीत लाल अक्षरांत ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ म्हणत जे घड्याळ पळतंय ना, त्याच्याकडे बघत बसलं की कुणालाच धड विचार करता येत नाही. ६५ हजारांचा कोर्स ४५ हजारांत, सहा महिन्यांत धंदा दुप्पट आणि वर ‘लाइफ कोचिंग’ फुकट. आणि तू विचारतेस, ताई, भरू का?

खरं सांगू का, जाहिरातीतल्या त्या कोचला मी ओळखत नाही. तो चांगला असेलही. पण बारा वाजता त्याचं दुकान बंद होणार नाही, एवढं मी तुला आत्ता लिहून देते. उद्या सकाळी फोन कर, ‘मॅडम, खास तुमच्यासाठी’ म्हणून तीच किंमत मिळेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या युक्त्यांची यादी जाहीर केली, आणि अशी खोटी घाई लावणं त्यातच आहे. तेव्हा आज रात्री तू शांत झोप. उद्यापर्यंत काहीही बिघडत नाही.

तुझी दमछाक मला दिसत नाही असं नाही. सकाळी घरातले डबे, मुलीची शाळा, मग कांडपावर जाऊन मिरची-धणे आणायचे, दुपारी पाकिटं भरायची, लेबलं चिकटवायची, संध्याकाळी दुकानदारांच्या मागे पैशासाठी लागायचं आणि रात्री डोळे चोळत फोटो टाकायचे. अशा वेळी कुणी ठाम आवाजात म्हणालं, ‘तुम्ही फक्त माझ्या मागे या’, तर हायसं वाटणारच. त्यात तुझं काहीही चुकत नाही. मी तर एकदा ‘मोफत यशस्वी जीवन शिबिर’ म्हणून गेले आणि येताना प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा घेऊन आले. आमच्याकडे कितीतरी दिवस थालीपिठातसुद्धा ती पावडर पडत होती. घरचे अजून विचारतात, ‘आज यशस्वी थालीपीठ आहे का साधं?’

तर आता नीट ऐक. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. वकिलाला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद लागते. तू साधं चटणीचं पाकीट विकतेस तर तुलाही त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक छापावा लागतो. पण ‘बिझनेस कोच’ किंवा ‘लाइफ कोच’ अशी पाटी लावायला आपल्याकडे परवाना लागत नाही, परीक्षा लागत नाही, काहीही लागत नाही. आज ठरवलं, उद्या फोटो काढले, परवा कोच. म्हणून ते सगळे लबाड ठरत नाहीत गं. एवढंच की पारख करायचं काम कुणी सरकारी माणूस आपल्यासाठी करून ठेवत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

इथे तू लगेच म्हणशील, मी बारावी झालेली बाई, एवढ्या मोठ्या माणसाला पारखणारी मी कोण? हे बघ, मार्केट यार्डात बेडगीचं पोतं उघडलं की तू काय करतेस? वरचा लालभडक ढीग बघून पैसे देतेस का? हात आत घालून खालची मिरची वर काढतेस, मोडून बघतेस, वास घेतेस, बोटाला रंग किंवा तेलकटपणा लागतो का बघतेस, आणि व्यापारी कितीही गोड बोलला तरी पोतं ओलसर असलं तर पुढे सरकतेस. मिरचीची शेती तू कधी केली आहेस का? तरी तुला मिरची कळते, कारण तिचा मसाला कसा उतरणार हे तुला ठाऊक आहे. कोचलाही तसंच बघ. त्याचं शास्त्र तुला येत नसलं तरी चालेल. तुझा धंदा तुला येतो, तेवढं पुरतं.

आधी ते प्रमाणपत्र बघू, कारण जाहिरातीत तेच सोनेरी चौकटीत टाकलंय. ‘इंटरनॅशनली सर्टिफाइड’. कुणी दिलं? या क्षेत्रातली जगभर ओळखली जाणारी एक संस्था आहे, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला एसीसी म्हणतात, तिला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष लोकांबरोबर कोचिंग केल्याचा हिशेब द्यावा लागतो. दुसरी पीसीसी, १२५ तास प्रशिक्षण आणि ५०० तासांचं काम. तिसरी एमसीसी, तिला २०० आणि २,५०० तास. ज्याच्याकडे ही पायरी आहे त्याचं नाव त्या संस्थेकडे तपासता येतं. म्हणून फक्त एवढं विचार, ‘सर, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, किती तासांचं, आणि मला ते कुठे पडताळता येईल?’ खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. उलट तो खूश होतो, कारण एवढे तास घालवूनही त्याला हे कुणी विचारत नाही.

काही ठिकाणी मात्र शनिवार-रविवार हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा होते आणि रविवारी संध्याकाळी सगळे ‘मास्टर कोच’ होऊन घरी जातात. प्रमाणपत्रावर सही त्याच सरांची, ज्यांनी फी घेतली. अशा कागदाची किंमत किती ते तूच ठरव.

आणि कागद खरा असला तरी त्यातून काय कळतं, हेही बघ. त्या माणसाला ऐकून घ्यायला, योग्य प्रश्न विचारायला, तुझी गुपितं स्वतःपाशी ठेवायला शिकवलंय, एवढं कळतं. त्यानं कधी आयुष्यात एक पाकीट विकलंय का, दुकानदाराकडून उधारी वसूल केली आहे का, हे त्यातून कळत नाही. कोच आणि मेंटॉर यांत लोक गोंधळ करतात तो इथेच. कोच प्रश्न विचारून तुझं तुलाच उत्तर शोधायला लावतो. मेंटॉर स्वतः त्या रस्त्यानं गेलेला असतो, म्हणून तो सांगू शकतो की पुढच्या वळणावर खड्डा आहे. तुला आत्ता दोघांपैकी कोण हवंय? मला विचारशील तर दुसरा. तुझ्याकडे जिद्द भरपूर आहे, अडतंय ते हिशेबात आणि दुकानदारांत.

चांगला मेंटॉर कसा असतो ते बघायचं तर लिज्जत पापडाची गोष्ट बघ. पापड तू खाल्लास, गोष्ट अर्धीच ऐकली असशील. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या, ८० रुपये उसने घेऊन. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ते ८० रुपये ज्यांनी दिले ते छगनलाल करमसी पारेख, सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे समाजसेवक. या बायका सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायचा. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, चांगली, आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. दुसरं सांगितलं, हा धंदा आहे, धंद्यासारखाच चालवा आणि हिशेब चोख ठेवा. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता यात काय काय आहे ते बघ ना. सल्ला त्यांच्याच पापडाबद्दलचा होता. ऐकायला गोड नव्हता, कारण स्वस्त माल बंद करा म्हटलं की हातातलं गिऱ्हाईक जाईल अशी भीती असतेच. आणि दुसऱ्याच दिवशी करून बघता येईल इतका तो सोपा होता. ‘मोठी स्वप्नं बघा’ असं म्हणून छगनबाप्पा घरी गेले असते, तर पापड गच्चीवरच राहिले असते.

मलाही अशी एक काकू भेटली होती, मी डबे द्यायला सुरुवात केली तेव्हा. तिची खानावळ होती, बोलणं फटकळ, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मी तिच्यापुढे माझ्या मोठमोठ्या बेतांचं पुराण लावलं. तिनं ते सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘रात्री उरलेल्या भाजीचं काय करतेस?’ बस. माझा नफा कुठे जात होता ते मला त्या एका प्रश्नात कळलं. तिच्याकडे सोनेरी चौकट नव्हती, स्वयंपाकघरात पंचांगाची दिनदर्शिका टांगलेली होती आणि तिच्यावरच दूधवाल्याचा हिशेब.

म्हणून तू काय कर, त्या सरांकडे जाताना तुझं एक खरंखुरं दुखणं घेऊन जा. मोघम ‘मला वाढायचंय’ असलं काही नको. ते स्टेशनाजवळचं मोठं दुकान तुझ्या गोड्या मसाल्याचं पाकीट ठेवायला तयार आहे, पण १८० रुपयांच्या पाकिटावर ३० टक्के मागतंय आणि पैसे ४५ दिवसांनी देतो म्हणतंय, बरोबर? हेच त्याच्यापुढे ठेव. मग गप्प बस आणि तो काय विचारतो ते ऐक. ‘माल किती रुपयांना पडतो? भाजताना वजनात घट किती येते? परत आलेली पाकिटं कुणाच्या खर्चात? ४५ दिवस पैसे अडकले तर पुढची मिरची कशानं घेणार?’ असं विचारायला लागला तर माणसात पाणी आहे. मग तो तरुण असो, म्हातारा असो, इंग्रजी बोलो नाहीतर अस्सल सातारी.

पण त्यानं तुझं ऐकायच्या आधीच फळ्यावर गोल काढले, म्हणाला, ‘तुमचा खरा प्रॉब्लेम माइंडसेटचा आहे’, तर पर्स उचल. या एका शब्दावर माझा फार राग आहे गं. फी जास्त वाटते म्हटलं तर गरीब मानसिकता. नवऱ्याला विचारते म्हटलं तर निर्णयक्षमता नाही. घरचे शंका घेतात म्हटलं तर ते निगेटिव्ह, त्यांच्यापासून लांब राहा. म्हणजे तू काहीही बोललीस तरी दोष तुझा आणि औषध त्याचं. जो माणूस तुला तुझ्या माणसांपासून तोडून आपल्याजवळ ओढतो, तो कितीही हसतमुख असला तरी मला नको.

आता पैशाचं. त्याचा पैसा कुठून येतो, हे बघायचंच. धंदा करून येतो की ‘धंदा कसा करावा’ हे विकून येतो? दोन्ही कायदेशीर आहे, पण दुसरं असेल तर त्यानं ते उघड सांगावं. ‘मी शून्यातून करोडोंची कंपनी उभी केली’ म्हणतो ना, मग त्याचा जीएसटी क्रमांक माग. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते. १५ अक्षरी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकलास की नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द झाली, सगळं फुकटात दिसतं. कंपनी म्हणत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची स्थापना कधी झाली तेही दिसतं. ‘वीस वर्षांचा अनुभव’ आणि कंपनी गेल्या वर्षीची, असं निघालं तर लगेच चोर म्हणू नकोस. आधी नोकरी करत असेल. पण विचार, ‘सर, त्याआधी काय करत होतात?’ उत्तर सरळ आलं तर ठीक.

परदेशातले लोक फार हुशार, असंही समजू नकोस. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ साली मोबी नावाच्या एका ऑनलाइन बिझनेस कोचिंगच्या धंद्यावर कारवाई केली. सुरुवात फक्त ४९ डॉलरनं व्हायची, २१ पायऱ्यांची यशाची युक्ती म्हणून. शिवाय एक ‘कोच’ मिळायचा. तो पायरी चढवता चढवता पुढचं महागडं सभासदत्व विकायचा आणि ते जवळपास ६० हजार डॉलरपर्यंत जायचं. लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून अधिक त्यात गेले, असं कमिशनचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये लोकांना परत मिळाले ते सव्वादोन-अडीच कोटींच्या आसपास. आपल्याकडची ९९ रुपयांची वेबिनार आठवली ना? ९९ भरलेस याचं काही नाही. पण त्या दोन तासांत शिकवलं किती आणि पुढचं पॅकेज विकलं किती, हे घड्याळ लावून बघ.

बरं, ४५ हजार म्हणजे तुझ्या भाषेत किती, हे तू काढलंस का? मी काढलं. त्यावर १८ टक्के जीएसटी धर, ५३ हजार १०० झाले. आता तुझं १८० चं पाकीट घे. दुकानदाराचे ५४ गेले, उरले १२६. माल, पाकीट, गॅस, कांडप आणि त्या मदतनीस बाईची मजुरी मिळून तू मागे १०५ सांगितले होतेस. राहिले २१. म्हणजे त्या सरांची फी भरून निघायला तुला अडीच हजारांच्या वर पाकिटं जास्तीची विकायला लागतील. नेहमीची सोडून, बरं का. आता त्यालाच विचार, ‘सर, ही अडीच हजार पाकिटं मी कुठे विकू?’ याचं उत्तर त्याच्याकडे असलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर फी भरायला येते.

हप्त्यांचंही सांगते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा एखादी फायनान्स कंपनी मध्ये असते आणि कर्ज तुझ्या नावावर निघतं. सर मधेच गायब झाले तरी हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला कापला जातो. त्यापेक्षा महिन्याची फी महिन्याला देते म्हण. आणि भरायच्या आधी कागदावर घे: एकूण किती भेटी, त्यातल्या किती खुद्द सरांबरोबर आणि किती त्यांच्या ‘टीम’बरोबर, किती रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, मधे सोडलं तर परत किती. ‘विश्वासावर चालतं सगळं’ असं म्हणाला तर म्हण, ‘हो ना सर, मग विश्वासानं सही करा.’ पावती ठेव, मेसेज पुसू नकोस. पुढे काही वाकडं झालंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लक्षात ठेव.

त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायला विसरू नकोस. तो ज्यांचे नंबर देईल त्यांच्याशी बोल, पण तेवढ्यावर थांबू नकोस. ते टाळ्या वाजवतानाचे, रडतानाचे व्हिडिओ शेवटच्या दिवशी हॉलमध्येच घेतलेले असतात. तेव्हा सगळेच भारावलेले असतात, मीसुद्धा असते. एक कार्यशाळा करून आले तेव्हा मी व्हिजन बोर्ड बनवून स्वयंपाकघरात लावला होता. वर लाल गाडीचा फोटो. कुकरच्या वाफेनं त्याचे कोपरे वळले आणि ‘ही गाडी कुणाची गं?’ असं विचारून सासूबाईंनी त्याच्यामागे भिशीचे कागद खोचायला सुरुवात केली. तर, वर्ष-दीड वर्षापूर्वी कोर्स केलेली एखादी बाई शोध. शक्यतो तुझ्यासारखी, घरून काम करणारी. तिला ‘कसं वाटलं?’ असं विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. ‘त्यानंतर तू धंद्यात नेमकं काय बदललंस आणि महिन्याला हातात किती जास्त राहतात?’ असं विचार. आणि ‘तुझ्या बॅचमध्ये कितीजणी होत्या, शेवटपर्यंत कितीजणी टिकल्या?’ हेही. ती थोडी थांबली तर ते थांबणंही ऐक.

आता जरा हळवं बोलते. तू मेसेजमध्ये शेवटी लिहिलंस, ‘आणि ताई, लाइफ कोचिंगही आहे, मला हल्ली बरं वाटत नाही.’ ते मला सगळ्यात जास्त लागलं. हे बघ, कामाची आखणी कशी करावी, नाही कसं म्हणावं, यासाठी चांगला कोच उपयोगी पडतो. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कारण नसताना रडू येत असेल, आठवडेच्या आठवडे असंच चाललं असेल, तर ते कोचचं काम नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असतात, एमबीबीएसनंतर पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. आज रात्रीच बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस आहे, १४४१६, सरकारचं, २०२२ पासून चालू, दिवसरात्र, पैसे नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जो लाइफ कोच ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, तुम्ही डॉक्टरांना भेटा’ असं म्हणतो, तो मला आवडतो. जो म्हणतो, गोळ्या बंद करा, मी एकवीस दिवसांत बरं करतो, त्याच्या दारातसुद्धा उभी राहू नकोस.

आणि कोच बोलता बोलता ‘ह्यात पैसे गुंतवा, हा शेअर घ्या’ म्हणायला लागला, तर त्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचार. तो नसेल तर विषय तिथेच संपला.

आता तू म्हणशील, ताई सगळ्याला नाहीच म्हणते, मग मी जाऊ कुठे? अगं, जागा आहेत, फक्त त्यांच्या जाहिराती चकचकीत नसतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे, त्यांची प्रशिक्षणं जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करता येते. गावाकडच्या मुला-मुलींसाठी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, शिकणं फुकट आणि राहणं-जेवणही. बचत गटात असशील तर ‘माविम’चं, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचं, नाव ऐकलं असशीलच. म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी केली, पुढे त्यांच्या फाउंडेशननं बायकांसाठी धंद्याची शाळाच काढली. पुण्यात दे आसरा फाउंडेशन छोट्या उद्योजकांना मदत करतं. मराठी उद्योजक एकमेकांना भेटतात तो माधवराव भिड्यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. सगळीकडे सगळं गोड असतं असं मी म्हणत नाही. सरकारी प्रशिक्षणात दुपारी डोळा लागेल अशी भाषणं असतात आणि साहेब ‘उद्या या’ म्हणतात. पण कॉस्टिंग कसं काढायचं आणि बँकेपुढे कागद कसा ठेवायचा, हे तिथे शिकायला मिळतं. तुझं अर्धं घोडं तर तिथेच अडलंय.

आणि तुला पाकिटं पुरवतो ना, तो पॅकेजिंगवाला? त्याच्याकडे तुझ्यासारखे पन्नास मसालेवाले येतात. कुणाचं चाललं, कुणाचं बुडालं आणि कशानं, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. एक दिवस दोन पाकिटं जास्त घे आणि चहा पाजून बोलतं कर. एखाद्या सीएचा तासभर घेतलास तरी त्या ४५ हजारांपुढे ती फी काहीच नाही.

इतकं सगळं करूनही तुला ते सर आवडले, त्यांनी मिरचीच्या घटीबद्दल विचारलं, जीएसटी क्रमांक न कुरकुरता दिला, सहीचा कागद दिला, तर जा खुशाल. एक महिना करून बघ. मी त्याला आडवी येणार नाही, उलट मला सांग, माझीही एक भाची क्लास काढायचं म्हणतेय.

आता उद्याचं ठरवू. सकाळी त्यांना फोन कर, बारा वाजून गेले म्हणून संकोचू नकोस. आधी जीएसटी क्रमांक माग, मग एका जुन्या विद्यार्थिनीचा नंबर, आणि अर्धा तास बोलायचंय म्हण, तेही खुद्द सरांशी. आणि गुरुवारी दुपारी माझ्याकडे ये, तुझी खर्चाची वही घेऊन. त्या स्टेशनाजवळच्या दुकानदाराला अजून हो म्हणाली नाहीस ना? म्हणू नकोस. ४५ दिवस फार होतात गं, पंधरावर आणू त्याला.